हौसाक्का, चार दिवस मी खोटं बोलले

हौसाक्का,

दिवाळीची सुट्टी संपून आपली बालवाडी उघडली, त्या सोमवारी पहिल्या दहा मिनिटांत अख्ख्या छोट्या गटानं मला एकच प्रश्न विचारला. "आक्का कुटं हाय?" कुणी चपला काढता काढता विचारला, कुणी दप्तर अडकवता अडकवता, एकानं तर पदर ओढून विचारला. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "गावाला गेल्यात. येतील." तुम्हाला जाऊन तेव्हा सहा दिवस झाले होते. कोडोलीला तुमच्या लेकीच्या घरी तुमच्या पायांवर शेवटचं डोकं ठेवून मी आले होते. तरी पोरांच्या तोंडावर धडधडीत सांगितलं, येतील. आणि पुढे चार दिवस तेच सांगत राहिले.

तुम्ही असता तर कमरेवर हात ठेवून, सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात माझी हजेरी घेतली असती. "बाई, पोरास्नी फसवायचं न्हाय!" हे वाक्य चौदा वर्षांत तुम्ही मला किती वेळा ऐकवलंत त्याला गणती नाही. नेमकं तेच मी तुमच्या माघारी पहिल्या दिवशी मोडलं. म्हणून बाकीचं काही लिहायच्या आधी हे कबूल करते.

मस्टरवर तुमच्या नावापुढे 'मदतनीस' असायचं आणि माझ्या नावापुढे 'शिक्षिका'. झाडलोट, पाणी भरणं, पोरांची शी-शू आणि शेंबडी नाकं तुमच्याकडे, शिकवणं माझ्याकडे, अशी कागदावरची वाटणी. पण जूनचा पहिला पंधरवडा आला, की कोण कुणाची मदतनीस आहे ते आपल्या दोघींना नीट ठाऊक असायचं. पोरं टाहो फोडतायत, आया खिडकीच्या गजातून डोकावून त्यांना आणखी रडवतायत, मी टाळ्या वाजवून बडबडगीत म्हणतेय आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. अशा वेळी तुम्ही आत यायचा, पाण्याची बादली ठेवायचा आणि नुसतं म्हणायचा, "बसू काय हितं?" आणि बसायचा.

माझा पहिला जून तुम्ही शेवटपर्यंत विसरला नाहीत आणि मलाही विसरू दिला नाहीत. मी पेठ वडगावहून सकाळची एसटी पकडून यायची. बालशिक्षणाची पदविका नुकतीच हातात पडलेली, त्यामुळे डोकं जरा वरच. आठवडाभर खपून मोठ्या पुठ्ठ्यावर रंगीत दिनक्रम काढून आणला होता. घड्याळं, हसरा सूर्य, हात धुणारी गोबरी मुलं. झाडू हातात धरून तुम्ही तो वरपासून खालपर्यंत बघितलात आणि म्हणालात, "झ्याक हाय की. पर वाचनार कोन?" मला भयंकर राग आला होता. खरं सांगायचं तर अजूनही थोडा येतो.

त्याच आठवड्यात सार्थकचं झालं. तीन वर्षांचा, आईची ओढणी मुठीत घट्ट धरून आलेला. मी शिकून आले होते तसंच केलं. ठोकळ्यांचा डबा त्याच्यापुढे ओतला, त्याचं लक्ष वळवलं आणि त्याच्या आईला डोळ्यांनी खुणावलं, सटका. ती सटकली. दोन मिनिटांनी त्यानं वळून बघितलं, दारात कुणी नव्हतं. तो रडला नाही. मी तुम्हाला केवढ्या ऐटीत म्हटलं, "बघा आक्का, रडलासुद्धा नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो दाराकडे पाठ करून बसेना. डबा खाईना, कारण डबा खाताना खाली बघावं लागतं. शू आली तरी जागचा हलेना, बसल्या जागी चड्डी ओली करायचा आणि नजर दारावरच. मी चक्रावले. तुम्ही मला पाण्याच्या टाकीपाशी नेलंत आणि पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवलात. "तुमी काय केलासा कळतंय का? तेनं ठोकळ्याकडं बघितलं आन् आई गायब झाली. आता ते कशाकडंच बघायचं न्हाय. नजर हटली की मानूस जातंय, ह्ये शिकवलासा तुमी तेला."

दुसऱ्या दिवशी त्याची आई सवयीनं मागच्या मागे निघाली, तर तुम्ही फाटकात आडव्या.

"कुटं निगालीस? माघारी फिर. तेच्यासमोर हुबी ऱ्हा आन् सांग, मी जातो, डबा झाला की येतो."

"आक्का, रडतंय वो ते."

"रडू दे की! रडल्यालं भाईर पडतंय. फसवल्यालं आत ऱ्हातंय."

तिनं सांगितलं आणि सार्थकनं आभाळ डोक्यावर घेतलं. तुम्ही त्याला गप्प केलं नाहीत, खाऊचं आमिष दाखवलं नाहीत. उंबऱ्यावर त्याच्याशेजारी फतकल मारून शेंगा सोलत बसलात. डबा झाला, आई आली. रोज हेच. एकदा तिला यायला उशीर झाला तर "तू काय सिनेमाला गेलतीस काय?" म्हणून तुम्ही तिला अशी झापलीत, की नंतर ती कायम पाच मिनिटं आधीच येऊन उभी राहायची. सार्थक दाराकडे पाठ करून बसायला तीन आठवडे लागले. मी दोन मिनिटांत जे केलं होतं ते निस्तरायला तुम्ही तीन आठवडे उंबऱ्यावर बसलात आणि त्याबद्दल मला परत एक शब्द बोलला नाहीत.

माझा तक्ता तुम्ही काढायलाही लावला नाहीत. त्याच्याखाली फक्त एक दोरी बांधलीत. दोरीवर ओळीनं एक छोटी घंटा, जाळीत घातलेली साबणाची वडी, डब्याचं झाकण, गोष्ट सांगताना घालायची टोपी आणि सगळ्यात शेवटी एक जुनी लेडीज चप्पल, म्हणजे आई. प्रार्थना झाली की एका पोरानं उठून घंटा सोडायची आणि टोपलीत टाकायची. दोरीवर जेवढं लटकतंय तेवढा दिवस शिल्लक. तिसऱ्या दिवसापासून पोरं "आई कवा येनार?" असं मला विचारायची थांबली. ती दोरीकडे बघायची आणि आपापल्या कामाला लागायची. साबण सुटला, की न सांगता नळावर रांग.

एकदा संस्थेचे साहेब तपासणीला आले आणि म्हणाले, "विद्येच्या ठिकाणी चप्पल टांगलीय?" मी गारठले. तुम्ही अजिबात न बिचकता म्हणालात, "सायेब, ती सोडल्याबगार पोरं घरला जात न्हाईत." तेवढ्यात पोरांनी टोपी सोडून गोष्टीसाठी घोळका केला आणि साहेबांनाच सशाची गोष्ट सांगावी लागली. साहेब गेल्यावर तुम्ही तोंडाला पदर लावून इतक्या हसलात, की खाली बसावं लागलं.

आपला मांडीचा वाद मात्र मिटला नाही. मी म्हणायची, एकाला मांडीवर घेतलं की दहा मागतात, त्यांनी आपलं आपण बसायला शिकलं पाहिजे. तुम्ही म्हणायचा, "आदी बूड टेकू दे, मंग शिकंल की." मी म्हणायची, तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही म्हणायचा, "गुडघं माजं हाईत." दर जूनमध्ये हे भांडण नव्यानं व्हायचं आणि दर ऑगस्टमध्ये एखादं दांडगं पोरगं तुमच्या मांडीला अजून चिकटलेलं दिसलं, की मी तुम्हाला डोळे वटारायची. तुम्ही गेलात म्हणून तुमचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, ते तुम्हालाच आवडणार नाही. पण मांडीवर बसलेली पोरं पुढे मोठ्या गटात सगळ्यात धीट निघायची, हे मी तुमच्या तोंडावर कधीच मान्य केलं नाही. आता करते. निम्मं.

आणि एक गोष्ट आहे, जी मी कुणाला सांगितलेली नाही.

त्या पहिल्या जूनमध्ये माझी ईश्वरी दहा महिन्यांची होती. तिला सासूबाईंकडे ठेवून मी यायची. एके दिवशी मी कपाटामागे जाऊन रडत होते. तुम्ही चहाचा कप पुढे केलात आणि विचारलंत, "घरातनं कशा निगता?" मी म्हटलं, मागच्या दारानं, ती खेळत असते तेव्हा. बोलून झालं आणि आपण काय बोललो ते मलाच कळलं. तुम्ही काही शहाणपणा शिकवला नाहीत. चहा संपेपर्यंत थांबलात आणि म्हणालात, "उद्यापास्नं म्होरच्या दारानं निगा."

दुसऱ्या दिवशी मी ईश्वरीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, आई जाते, संध्याकाळी येते. सासूबाई ओरडल्या, घरातून निघताना 'जाते' काय म्हणतेस, 'येते' म्हणावं. मी तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, "थोरल्यात तसंच म्हनायचं. पर तिला जे हुतंय त्येच दिसलं पायजे. दोनी सांगा, जातो बी आन् येतो बी." आठ दिवस ती अशी रडली की मला एसटीत बसून हुंदके आवरेनात. नवव्या दिवशी तिनं हात हलवला. आज ती दहावीला आहे. क्लासला निघताना दारातून ओरडून सांगते, "आई, जाते गं, आठला येते," आणि आठच्या आत येते. तिचा माझ्यावर विश्वास आहे, आक्का. तिच्या वयाच्या पोरींच्या आया काय काय सोसतात ते मी रोज ऐकते आणि मनात तुमचं नाव घेते. हे तुम्हाला कधीतरी नीट बसवून सांगायचं होतं. चौदा वर्षांत मला वेळ मिळाला नाही, असं म्हणायचीसुद्धा लाज वाटते.

आता त्या चार दिवसांबद्दल.

मोठ्या बाई म्हणाल्या, "लहान आहेत, सांगू नका. पालकांच्या तक्रारी येतील. आठवड्यात विसरतील." मी लगेच मान डोलावली. मला ते पटलं होतं म्हणून नाही. पोरांसमोर तो शब्द उच्चारला तर मला रडू फुटेल, ही भीती होती. म्हणजे खोटं मी माझ्या सोयीसाठी बोलले.

स्वरा तुम्हाला ठाऊकच आहे. यंदाच्या जूनमधली सगळ्यात सोपी पोर. चौथ्या दिवशी आईला "जा तू" म्हणून स्वतःच ढकलणारी. दिवाळीनंतर मंगळवारी ती आईला सोडेना. बुधवारी भिंतीला टेकून बसली, तोंड दाराकडे. गुरुवारी मी बाथरूमकडे गेले तर मागे मागे आली आणि बाहेर उभी राहिली. डबा तसाच. मी तिच्यापुढे गुडघ्यावर बसले आणि विचारलं, काय झालं?

"आक्का न सांगता गेली," ती म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, "मी कंदील रंगवत हुतो. मी बघितलंच न्हाय."

सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी आपण कागदाचे आकाशकंदील केले होते. स्वरा खाली मान घालून रंगवत होती आणि तेवढ्यात तुम्ही घरी निघून गेलात. आता तिला वाटत होतं, नजर हटली म्हणून आक्का गेली. आणि मी रोज सकाळी "येतील" म्हणून त्यावर आणखी एक थर चढवत होते. चौदा वर्षांनी, सगळं कळत असताना, मी पुन्हा तेच केलं होतं. फक्त या वेळी टाकीपाशी नेऊन झापायला कुणी नव्हतं.

शुक्रवारी मी मोठ्या बाईंना सांगितलं, आज मुलांना खरं सांगणार. त्या म्हणाल्या, "जबाबदारी तुमची." मी म्हटलं, हो, माझीच. मग फाटकात सगळ्या पालकांना थांबवलं. एक वडील गाडीवरूनच म्हणाले, "बाई, बारक्यास्नी मरन-बिरन कशाला? घाबरतील की." माझ्याआधी स्वराची आईच बोलली. "घाबरलीयाच की वो ती. चार दिस माझा पदर सोडीना झालीया. सांगा बाई तुमी." तिचा आवाज चढला होता. गाडीवरच्यांनी गाडी बंद केली.

प्रार्थना झाल्यावर मी खाली सतरंजीवर बसले. म्हटलं, "आक्का गावाला गेल्या नाहीत. मी तुम्हाला खोटं सांगितलं. माझं चुकलं. आक्का वारल्या."

"वारल्या म्हंजी?"

"त्यांचं शरीर बंद पडलं. आता त्या जेवत नाहीत, बोलत नाहीत, त्यांना काही दुखत नाही. आणि त्या परत येणार नाहीत."

मग पुढे बसलेल्या एकानं दोरीकडे बघितलं.

"डबा झाल्यावर?"

"नाही."

"गोष्ट झाल्यावर?"

"नाही."

"चप्पल सोडल्यावर पन न्हाय?"

"नाही रे बाळा. उद्यापण नाही. कधीच नाही."

तिथं मला रडू फुटलं. ज्याला चार दिवस भ्याले होते तेच झालं, आणि काहीही बिघडलं नाही. दोघंतिघं माझ्याबरोबर रडली, बाकीची टक लावून बघत राहिली. एकानं खिशातला नॅपकिन काढून माझ्या नाकाला लावला आणि तुमच्याच सुरात दटावलं, "शिंकर!" मी शिंकरलं. सगळा वर्ग हसला, मीही हसले. मग एकीनं विचारलं, आता आमच्या चड्डीची नाडी कोण बांधणार? मी म्हटलं, मी. तिला ते फारसं पसंत पडलं नाही, पण चालवून घेतलं.

स्वरा शेवटी जवळ आली. "मी कंदील रंगवत हुतो म्हनून गेली?"

"नाही. तू बघत असतीस तरी गेल्या असत्या. तुझ्यामुळे नाही, कुणामुळेच नाही. आणि त्या न सांगता गेल्या नव्हत्या, स्वरा. दारात उभं राहून सांगितलं होतं त्यांनी, मी जातो, सुट्टी झाली की येतो. त्यांना यायचं होतं. येता आलं नाही."

हे तिला सांगताना मला त्या दुपारी दार अडवून उभा असलेला तुमचा जाडजूड देह स्पष्ट दिसला. कारण मीही खाली मान घालूनच बसले होते, आक्का. हजेरीपट पुरा करत होते. तुम्ही पोरांना सांगितलंत आणि मग म्हणालात, "जातो वो बाई." मी लिहिता लिहिता "हं" म्हटलं. वर बघितलं नाही. स्वराला मी जे समजावलं ते मलाही ऐकायची गरज होती. मी बघितलं असतं तरी तुम्ही गेला असता, हे मला पटतं. पण बघितलं असतं तर निदान म्हटलं असतं, आक्का, तुमच्यामुळे मला हे काम आलं. तुमच्यामुळे मला माझी मुलगी नीट वाढवता आली. दोन वाक्यं होती, दोन मिनिटांचं काम होतं. ती इथं लिहिते, उशीर झालाय हे माहीत असून लिहिते.

तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. जाहिरात काढलीय म्हणतात. येईल त्या बाईला मी काय सांगायचं याचा विचार करते आणि दरवेळी तुमच्या एकाच वाक्यावर येऊन थांबते, पोरास्नी फसवायचं न्हाय. मग वाटतं, तेवढं पुरेल. मला तरी तेवढंच पुरलं.

त्या शुक्रवारी शाळा सुटताना मी तशीच वर्गातून निघाले नाही. एकेका पोरासमोर बसले, त्याचं लक्ष माझ्याकडे आहे ना ते बघितलं आणि सांगितलं, "मी आता घरी जाते. उद्या-परवा सुट्टी. सोमवारी प्रार्थनेला येते." बहुतेकांनी "व्हय व्हय" म्हणून मला वाटेला लावलं, त्यांना आईकडे पळायची घाई. स्वरा शेवटची. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे नीट निरखून बघितलं.

"सोमवारी यायला न्हाय जमलं तर?"

"तर आदल्या दिवशी तुझ्या आईला फोन करून सांगेन."

तिनं विचार केला. "बरं, जावा," म्हणाली, आणि दप्तर उचलून माझ्याआधी तीच पळाली.